गहाळ सोळा पानं

वाचनकाकूंशी सकाळी साडेनऊपर्यंत घरात कोणी बोलायचं नाही, हा एकतीस वर्षांचा नियम. भांडण नाही की व्रत नाही, घसा सांभाळायचा. मिस्टरांना चहा हवा असला की ते कप सुलटा ठेवत, नको असला की पालथा. दूध उतू चाललं तर काकू टाळी वाजवत. मुलगी लहान असताना दारात आलेल्यांना सांगायची, "आईचा घसा अजून उठला नाहीये." आंबट बंद, गार बंद आणि आरडाओरडा तर जन्माचा बंद. "लोकांच्या बायका भांडताना आवाज चढवतात," मिस्टर चारचौघांत म्हणत, "आमची चिठ्ठी लिहून ठेवते. चिठ्ठीला उलट उत्तर देऊन बघा, जिवाला काही समाधान मिळतं का!"

काकूंचं काम वाचण्याचं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी एक बोलक्या पुस्तकांचं वाचनालय होतं. त्याच्या मागच्या बाजूला कपाटापेक्षा थोडीशीच मोठी एक खोली होती. तिथे बसून काकू पुस्तकं मोठ्याने वाचत आणि ती ध्वनिमुद्रित होत. खोलीच्या भिंतींना जाड राखाडी कापड, दाराला रबराची पट्टी, डोक्यावर तांबडा दिवा. पंखा नाही, कारण पंखा घरघरतो. आत जाताना काकू बांगड्या आणि घड्याळ काढून ठेवत, अंगावर सुतीच कपडे घालत, कारण रेशीम सळसळतं, आणि सफरचंदाची एक फोड चावून खात, म्हणजे बोलताना तोंडात चुटचुट होत नाही. काचेच्या पलीकडे बटणमामा बसत. मुद्रण सुरू करायचं एक बटण आणि थांबवायचं एक, या दोन बटणांच्या मधल्या वेळात त्यांनी आयुष्यभर शब्दकोडी सोडवली होती.

काकूंनी चारशे बारा पुस्तकं वाचली होती. खुनाच्या कथा वाचल्या, प्रवासवर्णनं वाचली, मधुमेहावरची नऊ पुस्तकं वाचली, घटस्फोटाचे कायदे वाचले. पुस्तकात असेल तेच आणि तेवढंच वाचायचं, ही त्यांची ख्याती. "काकू स्वल्पविरामसुद्धा वाचतात," असं ऐकणारे म्हणत. ऐकणाऱ्यांनीच त्यांना वाचनकाकू हे नाव दिलं होतं. बाहेर रस्त्यावर त्यांना कोणी ओळखत नसे, पण भाजीच्या दुकानात "अर्धा किलो द्या" म्हटलं की कधीतरी एखादी पांढरी काठी जागच्या जागी थांबे.

त्या सोमवारी सकाळी साडेआठलाच फोन वाजला. मिस्टरांनी उचलला आणि न बोलता काकूंच्या कानाला लावला.

"काकू, तुम्ही बोलू नका. साडेनऊ व्हायचेत, मला ठाऊक आहे. नुसतं ऐका." वेताच्या खुर्च्या विणणारे वेतकाका होते. एकोणिसाव्या वर्षी दृष्टी गेली तेव्हापासून हाच धंदा. "माझा फोन बिघडलाय की काय कळत नाही. तुमची ती तळ्याकाठची कादंबरी लावली, तर आतली बाई म्हणते, ही सामग्री तुमच्या क्षेत्रात उपलब्ध नाही. क्षेत्र म्हणजे काय हो? मी तर माझ्या खुर्चीतच बसलोय. उठून पलीकडच्या खुर्चीत बसून पाहिलं, तरी तेच."

काकूंनी हुंकार दिला. एवढी परवानगी त्या स्वतःला देत.

"मला सगळी नकोय हो. तो पाण्याखालचा भाग तेवढा लागतो. खुर्चीची पाठ विणायला घेतली की मी तोच लावतो, सव्वीस वर्षं झाली. आज हात चालेनासा झालाय बघा."

काकूंनी फोन ठेवला, आणि मिस्टरांच्या लक्षात आलं की आपण कप पालथा ठेवलेला असतानाही काकूंनी त्याच्यावर चहा ओतला आहे.

वाचनालयात व्यवस्थापकबाईंच्या टेबलावर पत्र होतं. समोर वकीलसाहेब बसले होते. माणूस अतिशय सभ्य. बूटसुद्धा दाराबाहेर पुसून आलेला. कादंबरीचे लेखक वारले होते, वारसांनी हक्क एका कंपनीला विकले होते आणि कंपनीने हक्क घेतल्यावर घरात आलेल्या नव्या सुनेसारखी सगळी कपाटं उघडून पाहायला सुरुवात केली होती.

"अंध वाचकांसाठी कायद्याने सवलत आहे," व्यवस्थापकबाई म्हणाल्या. "एकतीस वर्षं आम्ही हेच करतोय."

"अगदी मान्य, बाई. पण आठ वर्षांपूर्वी तुम्ही ही पुस्तकं फोनवर आणलीत. फोनवर कोण अंध आणि कोण डोळस, हे कळत नाही. आमच्या नोंदीप्रमाणे काही डोळस मंडळी स्वयंपाक करताना ऐकतात."

"मग त्यांनी काय करावं? डोळे मिटून कांदा चिरावा?"

वकीलसाहेब हसले. हसण्यावर त्यांच्या कंपनीची बंदी नसावी. मग त्यांनी कंपनीचं स्वतःचं यंत्र टेबलावर ठेवलं. साबणाच्या वडीएवढं. त्यात कंपनीचीच पुस्तकं वाजतात, एका वेळी एक. एकवीस दिवसांनी पुस्तक आपोआप मिटतं. वाचणारी बाई माणूस नाही, पण दमतही नाही.

दारात उभ्या असलेल्या बटणमामांनी ते हातात घेऊन कडेचं टेंगूळ दाबून पाहिलं. "एक वाक्य मागे जायचं बटण. हे तर मी केलं होतं, बावीस वर्षांपूर्वी. आपल्या जुन्या यंत्रांना मीच डाग देऊन बसवलं होतं."

"त्याचं पेटंट कंपनीकडे आहे. नऊ वर्षांपूर्वी घेतलंय," वकीलसाहेब म्हणाले. "त्याचं वेगळं पत्र येईल."

"म्हणजे माझं लेकरू, आणि मीच पळवलं म्हणून पोलीस माझ्याच दारात?" मामा म्हणाले आणि खुर्ची नसताना बसायला गेले.

एवढ्यावर राहिलं असतं तर काकूंनी इतरांसारखंच चुकचुकून घेतलं असतं. पण वकीलसाहेबांनी दुसरा कागद काढला. कंपनीच्या यंत्राने काकूंचं संपूर्ण वाचन ऐकलं होतं आणि छापील पुस्तकाशी शब्दाला शब्द लावून पाहिलं होतं. आजवर हे कोणी केलं नव्हतं. ऐकणाऱ्यांना पुस्तक दिसत नव्हतं, आणि दिसणाऱ्यांना ऐकायची गरज नव्हती.

"एकूण नऊ तास बावीस मिनिटं. स्वल्पविरामांसकट जुळतंय, कमाल आहे. पण चार तास अठरा मिनिटांपासून चार तास एकोणसाठपर्यंत, अशी एक्केचाळीस मिनिटं, एक वाक्यही जुळत नाही. नावं आमचीच आहेत, मजकूर मात्र कुठलाच नाही. आमच्या यंत्राने जगातली इतर पुस्तकंही धुंडाळली. हा मजकूर कुठेही नाही." त्यांनी चष्मा काढला. "हे काय आहे, कोणी सांगेल?"

व्यवस्थापकबाईंनी काकूंकडे पाहिलं. बटणमामांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी काढून हातात धरलेल्या बांगड्यांकडे पाहिलं.

"ते माझं आहे," त्या म्हणाल्या. आवाज वाचताना यायचा तसा आला नाही. बारीक आला.

सव्वीस वर्षांपूर्वी सासूबाई तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या, आणि काकूंना अकरा दिवस धड झोप नव्हती. तरी त्या कामावर आल्या. दुपारची वेळ, खोलीत रबराचा वास, कापडाच्या भिंतींतून ऊब झिरपत होती. एकशे शहात्तरावं पान संपलं, त्यांनी उलटलं, तर पुढे पुन्हा एकशे एकसष्टावं पान आलं. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी बांधतात. बांधणाऱ्याच्या हातून एक फर्मा दोनदा लागला होता आणि पुढचा लागलाच नव्हता. अशा वेळी हात वर करायचा. मग मामा मुद्रण थांबवणार. काकूंनी हात वर करायचं ठरवलंसुद्धा. पण हात फार लांब होता. गाडीवान झोपला तरी बैल घरची वाट चालत राहतात, तसा त्यांचा आवाज पुढे निघाला.

पुढचं त्यांना आठवत नव्हतं. पाणी होतं. दारं होती, सगळी उघडी. हातांना काहीतरी लागत होतं, गुळगुळीत, ओळखीचं. मग त्या जाग्या झाल्या तेव्हा समोर एकशे त्र्याण्णवावं पान उघडं होतं आणि पहिलंच वाक्य होतं, ती परत आली तेव्हा तिचे केस ओले होते. त्यांनी ते वाचलं, पुढचं वाचलं. काचेपलीकडे मामांनी अंगठा वर केला होता. सोळा पानांना त्यांना एरवी पंचवीस मिनिटं पुरत. त्या दिवशी एक्केचाळीस लागली, हेही कोणी मोजलं नाही.

चार महिन्यांनी दुसरी प्रत मिळाली. खऱ्या सोळा पानांत नायिका भावाच्या घरी जाऊन वाटणीवरून भांडत होती आणि येताना नळाखाली डोकं धरून येत होती. तोवर मुद्रणाच्या प्रती गावोगाव गेल्या होत्या, आणि पत्रं येऊ लागली होती. सगळ्यांचं एकच: तो पाण्याखालच्या गावाचा भाग काय सुंदर आहे! काकूंना त्यातलं एक अक्षर माहीत नव्हतं. स्वतःचं वाचन त्या कधी ऐकत नसत आणि हे ऐकायची तर भीतीच बसली. दुखरा दात शोधायला आरशासमोर तोंड उघडावं आणि आत दुसरंच कोणी बसलेलं दिसावं, तशी भीती. आज सांगू, उद्या सांगू करता करता केस पांढरे झाले.

वकीलसाहेबांनी हे सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी हललं, मग त्यांना आपली फाईल आठवली.

"दोन रस्ते आहेत. तुमचं आहे असं लेखी दिलंत, सोबत संपूर्ण मजकूर जोडलात, आमचं कुठलंही नाव वा वाक्य त्यात येऊ दिलं नाहीत, तर तेवढा भाग तुमचा. पुन्हा वाचा, कोणालाही ऐकवा. नाहीतर पंधरा दिवसांनी सगळंच पुसलं जाईल."

"मला एकदा ते ऐकू द्या. ऐकून लिहून काढते."

"प्रकरण चालू असेपर्यंत फाईल बंद असते."

"आणि प्रकरण संपलं की?"

"पुसली जाते."

"मग मजकूर मी आणू कुठून?"

"काकू," वकीलसाहेब नरमाईने म्हणाले, "तुम्हीच रचलाय ना?"

ध्वनिफितींची जुनी स्पूलं होती, ती फोनवर पुस्तकं चढवल्यावर जागा अडते म्हणून मोडीत गेली होती. मोडीत घालायची सूचना काकूंचीच होती. त्यांना वाटलं होतं, पुरावा गेला.

घरी येऊन त्यांनी प्रयत्न करून पाहिला. कागद घेऊन बसल्या. 'पाणी' असा शब्द लिहिला. त्याच्यापुढे 'फार होते' असं लिहिलं आणि खोडलं. दुपारी मुद्दाम जेवून, खोलीचं दार लावून, गरम गोधडी अंगावर घेऊन झोपून पाहिलं. स्वप्न पडलं ते विजेच्या बिलाचं.

"दिवसभर दुसऱ्यांचं बोलतेस," मिस्टर म्हणाले, "एकदाच स्वतःचं बोललीस ते झोपेत. आणि माझ्या बाजूला झोपलीस की नुसती घोरतेस. हा अन्याय आहे." मग काकूंचा चेहरा पाहून त्यांनी चेष्टा थांबवली. "तुला हवंय का ते? खरं सांग. राहू दे की. लोक विसरतील."

"चारशे बारा पुस्तकं वाचली मी," काकू म्हणाल्या. "माझं असं तेवढंच आहे. कसं आहे तेसुद्धा मला ठाऊक नाही. पुसायच्या आधी एकदा बघायला नको?"

मिस्टर म्हणाले, "ज्याला ठाऊक आहे त्याला विचार ना मग."

ते काकूंच्या मनात पहिल्या दिवसापासून होतं. ते टाळायलाच तर त्या विजेच्या बिलापर्यंत झोपून आल्या होत्या. वेतकाकांना विचारायचं म्हणजे आधी सांगायला हवं. एखादा शब्द नीट कळला नाही की वेतकाका फोन करून विचारत, "असंच छापलंय ना?" आणि काकू म्हणत, "असंच छापलंय." त्या शब्दावर तो माणूस डोळे नसताना निर्धास्त चालत आला होता.

दहाव्या दिवशी त्या गेल्या.

वेतकाकांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला बिन-बुडाच्या खुर्च्या टांगलेल्या, बादलीत वेताच्या पट्ट्या भिजत घातलेल्या, सगळीकडे ओल्या गवताचा वास. दिवा नव्हता; त्यांना कशाला लागतो? दारातून येणाऱ्या उजेडात काकू एका तयार खुर्चीवर बसल्या आणि एका दमात सगळं सांगून मोकळ्या झाल्या. फर्मा, ताप, झोप, वकील, पंधरा दिवस.

वेतकाकांचे हात थांबले नाहीत. एक पट्टी खालून वर, एक वरून खाली.

"मी लेखकांना पत्र लिहिलं होतं," एक ओळ पुरी झाल्यावर ते म्हणाले. "पुतणीकडून लिहवून घेतलं. विचारलं होतं, साहेब, तुम्हाला दिसतं, मग हातांनी घर कसं ओळखायचं ते तुम्हाला इतकं बरोबर कसं कळलं? त्यांचं उत्तर आलं. आपल्याला तो भाग आवडला, कष्टाचं चीज झालं. मी ते पत्र जपून ठेवलंय. ते वारल्यावर मी एक दिवस दुकान बंद ठेवलं, काकू."

"त्यांनी तुमचं पत्र नीट वाचलं नसेल."

"म्हणजे ते वाचत नव्हते, आणि तुम्हीही वाचत नव्हता. सगळ्यात मी एकटाच वाचत होतो." पट्टी ओढताना त्यांनी ती एवढ्या जोरात ओढली की तुटली. "दर वेळी विचारलं मी तुम्हाला. असंच छापलंय ना?"

"हो."

"तुम्ही म्हणालात, असंच छापलंय."

"त्या भागातलं तुम्ही कधी विचारलं नाहीत," काकू म्हणाल्या आणि लगेच त्यांना आपली लाज वाटली. "चुकलंच माझं."

"त्या भागात विचारण्यासारखं काही नव्हतंच. सगळं हाताला लागत होतं." ते तुटलेली पट्टी जमिनीवर चाचपडत राहिले. "जा तुम्ही आता. मला काम आहे."

काकू उठल्या. दारापर्यंत गेल्या. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "एवढं तरी सांगा. पहिल्या घरात ती काय करते? दिवा लावते का?"

"पाण्याखाली दिवा?" वेतकाका उसळले. "काहीतरीच काय बोलता! तुमची तुम्हाला लाज नाही वाटत? पहिल्या घरात चुलीवर भांडं उघडं राहिलेलं असतं. ती झाकण शोधते. झाकण तरंगत छताला जाऊन टेकलेलं असतं. हात वर करून ती ते खाली आणते आणि भांड्यावर ठेवते. ठेवल्यावर दाबून धरते थोडा वेळ, पुन्हा वर जाऊ नये म्हणून. दिवा म्हणे!"

"आणि मग?"

"मग दुसरं घर."

काकू परत येऊन खुर्चीवर बसल्या. पिशवीतून वही काढली. कागदाचा आवाज ऐकून वेतकाका गप्प झाले, आणि काकूंना वाटलं, संपलं. पण एकदा निघालेली वाट त्यांनाही अर्ध्यात सोडवेना. त्यांनी नवी पट्टी बादलीतून उचलली, ओलावा दोन बोटांत निपटला आणि काकूंच्या आवाजात सांगायला लागले. शब्द तर काकूंचे होतेच; श्वाससुद्धा त्यांच्याच जागांवर घेतला जात होता.

गावातली माणसं एकाएकी उठून गेली होती आणि वरून तळं येऊन बसलं होतं, सावकाश, कोंबडी अंड्यांवर बसते तसं. कोणी काही पुरं केलं नव्हतं. ती बाई घराघरांतून हिंडत होती. उजेड नव्हता; उजेडाची तिला आठवणही नव्हती. उंबऱ्याला पाय लावून ती घर ओळखायची. एका घरात अर्धी घडी घातलेली चादर होती. तिने उरलेली अर्धी घातली. एका घरात वेणीचे दोनच पेड पडले होते आणि डोकं नव्हतं. तिने तिसरा पेड पाण्याचा घेतला आणि वेणी पुरी केली. एका घरात कोणीतरी कोणाला तरी काहीतरी सांगता सांगता उठून गेलं होतं. ते वाक्य तिथेच, खांद्याएवढ्या उंचीवर, लोंबत होतं. तिने त्याला हात लावून पाहिला, अजून कोमट होतं. तिने ते पुरं केलं नाही. तेवढं एकच तिने तसंच ठेवलं.

काकूंचं पेन थांबलं. ते अर्धं वाक्य सासूबाईंचं होतं. तापात त्या काहीतरी सांगायला लागत आणि मध्येच सोडून देत. काकूंनी डोळे पुसले नाहीत. इथे पुसायची गरज नव्हती.

"लिहिताय ना?"

"लिहितेय. पुढे?"

"सातव्या घरात खुर्ची. बुडाची वीण उसवलेली. ती बाई खाली बसते, कडेच्या भोकांवरून बोट फिरवते आणि मोजते. चार भोकं रिकामी. पाणवेलीची पट्टी घेते, खालून वर, वरून खाली, आणि कोपऱ्यात आल्यावर पट्टीला अर्धा पीळ देते. तो दिला नाही तर कोपरा सहा महिन्यांत सुटतो."

काकूंना वीण म्हणजे काय आणि पीळ म्हणजे काय हे आज, या खोलीत कळत होतं. सव्वीस वर्षांपूर्वी त्यांच्या स्वप्नाला हे ठाऊक असणं शक्य नव्हतं. त्यांनी मान वर करून पाहिलं. वेतकाकांचे हात तसेच चालले होते, चेहरा शांत, दूर कुठे तरी लागलेला. त्यांनी ते मुद्दाम घातलं नव्हतं. इतक्या वर्षांत केव्हातरी ती बाई या दुकानात शिरली होती आणि रिकामी बसली नव्हती, इतकंच. काकूंनी पीळ लिहून घेतला. सहा महिनेसुद्धा लिहिले.

अकरा घरं झाली. दारातला उजेड खुर्च्यांच्या पायांवरून सरकत बादलीपर्यंत आला.

"मग ती परत आली तेव्हा तिचे केस..." वेतकाकांनी सुरुवात केली.

"थांबा. ते घेता येणार नाही. ते त्यांचं वाक्य आहे. एकशे त्र्याण्णवाव्या पानावरचं."

"केस ओले होते, हेसुद्धा त्यांचं?"

"हेसुद्धा. नाव तर त्यांचं आहेच, म्हणून मी नुसतं ती बाई लिहिलंय."

"पाण्यातून आलेल्या बाईचे केस ओले नसतील तर काय वाळलेले असतील?"

"ते मी वकीलसाहेबांना विचारते. पण लिहिता येणार नाही."

"मग ती वर यायची कशी?" वेतकाकांनी हातातली खुर्ची खाली ठेवली. आवाजात आता राग नव्हता, धसका होता. "काकू, आपण तिला तिथेच सोडून चालणार नाही."

काकूंनी वहीकडे पाहिलं. पान कोरं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच समोरच्या पानावर पुढचं काही नव्हतं आणि त्या पूर्ण जाग्या होत्या. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. वेतकाका वाट पाहत होते. त्यांची वाट पाहण्याची पद्धत अशी की समोरच्याला वेळ आहे असं वाटत राहावं.

"बाराव्या घरात," काकू म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज लागला, "बाराव्या घरात काही सांडलेलं नव्हतं, उघडं नव्हतं. तिला वाटलं, या घरात काही राहिलेलं नाही. मग तिच्या पायाला जिना लागला. कोणीतरी तो अर्धाच चढून गेलं होतं."

वेतकाकांनी पाय जरा पुढे सरकवला.

"म्हणून तिने उरलेला चढून टाकला," काकू म्हणाल्या.

वेतकाकांनी खाली ठेवलेली खुर्ची पुन्हा मांडीवर घेतली.

"खाली नाव कोणाचं घालणार?" वेतकाकांनी विचारलं.

"दोघांचं घालू या म्हणते मी."

"माझं नको. लोक पत्रं लिहितात, मग उत्तरं द्यावी लागतात." मग ते थोडे पुढे वाकले. "किती पायऱ्या राहिल्या होत्या?"

"म्हणजे?"

"उरलेल्या किती?"

काकूंनी डोळे मिटले आणि मोजल्या. "नऊ."

"मग नऊ लिहा की," वेतकाका म्हणाले. "आकडा घातलाच पाहिजे, काकू. नाहीतर आमच्यासारखे पडतात."